‘रात्रला घोड्यावरून पाडलं’: एका किशोर पुस्तकातल्या काळ्या नाइटाचं प्रकरण

(संबंधितांच्या सांगण्यावरून माणसांची, संस्थेची आणि पुस्तकाची नावं दिलेली नाहीत. मी या पुस्तकाचं भाषिक संपादन केलं होतं.)

पार्श्वभूमी

बारा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी मध्ययुगीन युरोपातल्या योद्ध्यांवर एक पुस्तक निघणार होतं. दहा प्रकरणं, पानोपानी चित्रं. लेखक इतिहासाचे निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. चित्रकार पंचविशीतला मुलगा. मुद्रितशोधक काकांची या कामात तीस-बत्तीस वर्षं गेलेली. मांडणी बाहेरच्या डीटीपी ऑपरेटरकडे. प्रकाशक ताईंना पुस्तक दिवाळीच्या सुट्टीआधी बाजारात हवं होतं.

दहापैकी सहावं प्रकरण सरांचं लाडकं. विषय होता इंग्रजीत ज्याला ‘ब्लॅक नाइट’ म्हणतात तो काळ्या चिलखतातला स्वार. तो इतिहासात कुठे दिसतो, कथांमध्ये कुठे, आणि आजच्या सिनेमा-कॉमिक्समध्ये कसा पोचला. सरांनी भरपूर वाचून लिहिलं होतं. त्यांची एकच खोड होती. हातात इंग्रजी पुस्तक असलं की वाक्यात इंग्रजी शब्द तसेच उतरायचे.

अडचण

इंग्रजीत योद्धा असलेल्या ‘नाइट’चं स्पेलिंग ‘के’ने सुरू होतं आणि रात्र असलेल्या ‘नाइट’चं ‘एन’ने. एके काळी तो ‘क’ उच्चारलाही जायचा. पुढे उच्चारातून गेला, स्पेलिंगात राहिला. म्हणजे इंग्रजी वाचकाला डोळ्यांनी फरक कळतो. देवनागरीत आपण कानाला ऐकू येतं ते लिहितो, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही ‘नाइट’. २००८ साली बॅटमॅनचा ‘द डार्क नाइट’ आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘काळोखी रात्र’ असाच लावणारे माझ्या ओळखीत निदान चार जण होते. त्यातला एक मी.

पाचव्या प्रकरणात सरांनी नाइटपदाच्या दीक्षेचं वर्णन केलं होतं. दीक्षेच्या आदल्या रात्री उमेदवाराने वेदीसमोर शस्त्रं ठेवून जागं राहायचं, प्रार्थना करायची. याला सरांनी सगळीकडे ‘नाइट व्हिजिल’ लिहिलं होतं. मी पहिल्या प्रुफात पहिल्याच ठिकाणी ‘नाइट’ खोडून ‘रात्रीचा’ केलं, ‘व्हिजिल’वर काट मारून ‘पहारा’ लिहिलं आणि समासात लाल शाईने नोंद केली: ‘सगळीकडे असंच.’

ऑपरेटरने ते शब्दशः मनावर घेतलं आणि संगणकावर सगळीकडे ‘नाइट’च्या जागी ‘रात्र’ टाकलं. दुसरं प्रूफ आलं तेव्हा सहाव्या प्रकरणात ही वाक्यं होती:

‘काळ्या रात्रने भाला सरसावला.’

‘दुसऱ्या फेरीत त्याने लाल रात्रला घोड्यावरून पाडलं.’

‘हिरव्या रात्रचा भाऊ आधीच मारला गेला होता.’

काका मला फोनवर म्हणाले, “अहो, मला वाटलं सरांनी नवकवितेसारखं काही केलंय. मी ‘रात्रने’चं ‘रात्रीने’ केलंय तेवढं.”

हसून झालं. मग कळलं की गोंधळ प्रुफापुरता राहिलेला नव्हता. चित्रकाराला अख्खं प्रकरण दिलंच गेलं नव्हतं, मुद्रणप्रतीवरून कार्यालयात कुणीतरी केलेला दहा ओळींचा गोषवारा दिला होता. त्यात ‘काळ्या रात्रीचा योद्धा’ असे शब्द होते. पोराने त्याबरहुकूम पूर्ण चंद्र, ढग, टेकडीवर काळा घोडा आणि त्यावर काळा स्वार असं झकास चित्र काढलं होतं. मुखपृष्ठावर तेच चित्र होतं, मागे मजकूर ‘काळ्याकुट्ट रात्रीत दौडणाऱ्या योद्ध्यांच्या थरारक कथा’, आणि मुखपृष्ठं छापून आली होती.

चित्र चुकलं होतं ते चंद्रामुळे नाही. त्यात प्रकरणाचा मुद्दाच उलटा झाला होता. सरांनी ज्या प्रसंगावर प्रकरण उभं केलं होतं तो वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीतला, ॲशबीच्या मैदानावरचा आहे. काळं चिलखत, काळा घोडा, ढालीवर कसलंही चिन्ह नाही असा एक धिप्पाड स्वार झुंजीत उतरतो आणि बराच वेळ नुसता कडेला उभा राहतो. प्रेक्षक त्याला ‘काळा आळशी’ म्हणून हिणवतात. नायकावर तिघे एकदम तुटून पडतात तेव्हा मात्र हा घोड्याला टाच मारतो, बाजी पलटवतो आणि बक्षीस न घेता निघून जातो. तो असतो इंग्लंडचा राजा रिचर्ड, परदेशातल्या कैदेतून सुटून स्वतःच्याच राज्यात चोरासारखा परतलेला. हे सगळं भर दिवसा, हजारो डोळ्यांदेखत घडतं. आजूबाजूला लख्ख ऊन आहे आणि अंधार फक्त शिरस्त्राणाच्या आत आहे. आम्ही तिथे चंद्र काढून ठेवला होता.

पर्याय

ताईंच्या कार्यालयात शनिवारी दुपारी बसलो. टेबलावर प्रुफं, वडापाव आणि मुखपृष्ठांचे गठ्ठे. प्रश्न तीन होते: शब्द कोणता, ‘काळा’चं काय करायचं, आणि छापून झालेल्या मुखपृष्ठांचं काय.

शब्दावर सर्वांत जास्त वेळ गेला. काकांचं मत ‘सरदार’. सरांनी ते लगेच मोडून काढलं. सरदाराकडे फौज आणि सरंजाम असतो, कित्येक नाइटांकडे घोडा, चिलखत आणि कर्ज एवढंच असायचं. ‘वीर’ आणि ‘योद्धा’ फार सैल. ‘अश्ववीर’ हा माझा शब्द, तो चित्रकाराने एका वाक्यात निकालात काढला: “दादा, हे सायकलच्या ब्रँडसारखं वाटतं.”

‘शिलेदार’वर मात्र आम्ही खरंच अडलो. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. नाइटालाही घोडा-हत्यारांची सोय स्वतःच बघावी लागे, म्हणजे व्यवहाराच्या बाजूने शब्द चपखल होता. अडचण अशी की शिलेदार व्हायला रात्रभर वेदीसमोर जागावं लागत नाही आणि कुणी खांद्यावर तलवार टेकवून ‘आजपासून तू शिलेदार’ असं म्हणत नाही. नाइटपद ही दीक्षा होती. १३०६ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने आपल्या मुलाला नाइट केलं, आणि त्या मुलाने त्याच समारंभात अडीचशेहून जास्त तरुणांना. त्यांनी आदली रात्र जागून काढली, राजपुत्राने वेस्टमिन्स्टर ॲबीत, बाकीच्यांनी टेंपल चर्चमध्ये. ‘शिलेदार’ म्हटलं की हे सगळं गळून पडतं आणि मुलांच्या डोळ्यांसमोर पागा, पागोटं आणि भीमथडीची तट्टं उभी राहतात.

मध्येच ताई म्हणाल्या, “बुद्धिबळात आपण नाइटाला घोडा म्हणतोच की. मग काळा घोडा!” यावर दहा मिनिटं गेली, पण फुकट नाही. मुंबईतला काळा घोडा म्हणजे मुळात घोड्यावर बसलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या माणसाचा पुतळा. लोकांनी राजपुत्राला बाजूला सारून घोड्याच्या रंगावरून नाव ठेवलं. पुतळा १९६५ मध्ये तिथून हलला, तरी नाव जागेला चिकटून राहिलं. सर एकदम ताठ बसले. “हेच तर माझ्या प्रकरणात आहे. रंग राहतो, माणूस जातो.”

इथून दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो. सरांच्या प्रकरणात एक खराखुरा प्रिन्स ऑफ वेल्सही होता. वुडस्टॉकचा एडवर्ड, जन्म १३३०, क्रेसीच्या लढाईत १३४६ मध्ये सोळा वर्षांचा, १३५६ मध्ये प्वातिएला फ्रान्सच्या राजाला कैद करणारा, आणि वडिलांच्या एक वर्ष आधी, १३७६ मध्ये वारल्याने गादीवर कधीच न बसलेला. जग त्याला ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणतं. पण हे नाव लिखाणात सापडतं ते सोळाव्या शतकापासून, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी. काळं का, यावर कुणी म्हणतं चिलखत काळं होतं, कुणी म्हणतं करणी काळी होती. १३७० मध्ये लिमोझ शहर परत घेताना झालेल्या कत्तलीचा दाखला देतात. तिथे फ्रॉइसार्ट या बखरकाराने तीन हजार माणसं मारल्याचं लिहिलंय, आजचे अभ्यासक तो आकडा बराच फुगवलेला मानतात. कँटरबरीला त्याची समाधी आहे. तिच्यावरची मूर्ती सोन्याचा मुलामा दिलेली. तिच्या वर पूर्वी टांगलेला त्याचा अंगरखा लाल-निळा, त्यावर सिंह आणि लिलीची फुलं. काळी दिसते ती फक्त समाधीच्या बाजूला कोरलेली, तीन पांढऱ्या शहामृगपिसांची ‘शांततेची ढाल’, म्हणजे लढाईत नव्हे, खेळांच्या झुंजीत मिरवायची.

चित्रकाराने अर्थातच त्याला डोक्यापासून पायापर्यंत काळा रंगवला होता. रंग बदलायचा की नाही यावर ताई आणि सर यांची जुंपली. ताईंचं म्हणणं रास्त होतं: “सर, नाव काळा राजपुत्र आणि चित्रात लाल-निळा. पोरं म्हणतील छपाई चुकली.” सरांचं म्हणणं, “पोरांनी तेच विचारावं म्हणून तर लिहिलंय.”

मुखपृष्ठांबाबत पर्याय दोनच होते. रद्दीत घालून नवीन छापायची, किंवा आहेत तीच वापरायची.

काय ठरलं, काय केलं

‘नाइट’ ठेवायचं ठरलं. पण तीन नियमांसह.

पुस्तकात रात्रीला कुठेही नाइट म्हणायचं नाही, हा पहिला. दुसरा काकांनी सुचवला आणि माझ्या मते तोच सगळ्यात उपयोगी पडला. ते म्हणाले, “सामान्यरूप करा की. ‘नाइटला’ म्हणजे रात्रपाळी. माझा मुलगा रोज सांगतो, आज नाइटला आहे. ‘नाइटाला’ म्हणजे माणूस.” इतकी वर्षं मी इंग्रजी शब्दांना सामान्यरूप न करण्याच्या पंथातला. ‘नाइटाने’, ‘नाइटांचा’ हे कानाला आधी जुनाट वाटलं, पण दोन पानं वाचल्यावर सवय झाली, आणि घोळ एका कान्याने मिटला.

तिसरा नियम ‘व्हिजिल’चा. माझा ‘रात्रीचा पहारा’ चुकीचाच होता, पहारा चोरांसाठी असतो. सरांनी ‘जागर’ सुचवला आणि स्वतःच मागे हटले, देवीचा जागर आठवेल म्हणून. मी म्हटलं आठवू दे. देवासमोर जागायचं, शस्त्रं पुढ्यात मांडायची, हे खंडेनवमी माहीत असलेल्या मुलाला लगेच कळेल. ‘शस्त्रजागर’ पक्का झाला. त्याचा फायदा डॉन किहोतेच्या चौकटीत झाला. १६०५ च्या त्या कादंबरीत हा वेडा म्हातारा खानावळीच्या अंगणात, विहिरीजवळच्या डोणीवर चिलखत मांडून जागर करतो, आणि खेचरांना पाणी पाजायला ते बाजूला सारणाऱ्यांची डोकी फोडतो. ‘डोणीवरचा शस्त्रजागर’ वाचून ताई मोठ्याने हसल्या. ‘पहारा’ असताना हसल्या नव्हत्या.

‘काळा’च्या बाबतीत आम्ही निर्णय घेण्याआधी एक गोष्ट केली, जी खरं तर पहिल्याच महिन्यात करायला हवी होती. ताईंच्या सोसायटीतल्या पाच मुलांना प्रकरण वाचायला दिलं. चौघांनी पहिलं वाक्य वाचून ठरवलं की काळा तो खलनायक. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “काळा वाईट कसा? विठोबा काळाच आहे ना?” सरांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी घरी जाऊन प्रकरणाची सुरुवात बदलली.

नवी सुरुवात त्यांनी तव्यापासून केली. लोहाराच्या भट्टीतून निघालेला पत्रा मुळात काळपटच असतो. तो घासून आरशासारखा करायचा तर मजुरी पडते आणि मग रोज पुसावा लागतो, नाही तर गंज. काळाच ठेवून तेल किंवा रंग दिला तर पावसात टिकतो. आपल्या आजीचा लोखंडी तवा जसा. घासून पांढरा केला की दुसऱ्या दिवशी तांबारतो, तेल लावून काळा ठेवला की वर्षानुवर्षं चालतो. चकचकीत उघड्या पोलादाच्या चिलखताला युरोपात ‘पांढरं चिलखत’ म्हणायचे. म्हणजे पांढरं-काळं हा फरक कितीदा तरी पुण्य-पापाचा नसून खर्चाचा आणि गंजाचा होता.

त्यानंतर सरांनी पोलंडचा झाविशा घेतला. ‘झाविशा काळा’ हेच त्याचं नाव, कुणी म्हणतं केसांवरून, कुणी म्हणतं चिलखतावरून. १४२८ मध्ये डॅन्यूबकाठी गोलुबाक इथे तुर्कांविरुद्धच्या मोहिमेत तो मारला गेला. शब्दाला इतका पक्का की पोलंडमधल्या स्काउटांच्या नियमातच आहे: स्काउटाच्या शब्दावर झाविशासारखा भरवसा ठेवा. चौघा मुलांचा खलनायक इथे पडला.

सर्वांत चांगला उतरला तो मॅलरी या इंग्रज लेखकाच्या, आर्थर राजाच्या कथांमधला प्रसंग. हे पुस्तक कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलं. राजाच्या मुदपाकखान्यात वर्षभर राबलेला गॅरेथ पहिल्या मोहिमेवर निघतो. वाटेत काळ्या झुडपाखाली, काळं निशाण आणि काळी ढाल लावून काळा नाइट बसलेला. गॅरेथ त्याला मारतो आणि त्याचं चिलखत, त्याचा घोडा स्वतः घेतो. पुढे हिरवा नाइट भेटतो आणि गॅरेथच्या सोबतच्या तरुणीला विचारतो, “हा तुझ्याबरोबर माझा भाऊ काळा नाइट का?” ती म्हणते, नाही, हा स्वयंपाकघरातला पोऱ्या आहे, तुझ्या भावाला यानेच मारलं. चिलखत तेच, घोडा तोच, आतला माणूस निराळा, आणि सख्खा भाऊ ओळखू शकत नाही. गंमत अशी की ‘नाइट’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला मूळ अर्थही पोऱ्या, नोकर असाच आहे. हा परिच्छेद सरांना पृष्ठसंख्येपायी काढायचा होता. मी अडून बसलो. हे प्रकरण उभं राहिलं ते या परिच्छेदावर, असं मला अजूनही वाटतं.

चित्रात एडवर्ड लाल-निळा झाला, शेजारी जमिनीवर टेकवलेली काळी ढाल. नाव मजकुरात ‘एडवर्ड’ एवढंच. ‘काळा राजपुत्र’ हे लोकांनी फार उशिरा ठेवलेलं नाव म्हणून फक्त दोनदा येतं. ॲशबीच्या चित्रातून चंद्र काढला, ऊन आलं, प्रेक्षकांच्या सावल्या आल्या. चित्रकाराने चार दिवस बोलणं टाकलं होतं. रात्रीचं चित्र खरोखरच जास्त देखणं होतं, हे मान्य करायला हवं.

मुखपृष्ठ तसंच ठेवलं. ताईंनी कागदाचा आणि छपाईचा खर्च सांगितला आणि आम्ही तिघेही गप्प बसलो.

परिणाम

पुस्तक दिवाळीच्या चार दिवस आधी आलं. आतल्या मजकुराबद्दल शिक्षकांकडून चांगले फोन आले, ‘शस्त्रजागर’ दोघांना आवडला, एकांना अजिबात नाही. लाल-निळ्या ‘काळ्या’ राजपुत्राबद्दल ताईंना भीती होती तशी पत्रं आली. छपाईची चूक झाली आहे का, असं विचारणारी. तीन मुलांची. तिन्हींना सरांनी स्वतःच्या हाताने उत्तरं लिहिली आणि ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची दिवाळी होती, असं सरांच्या पत्नी म्हणाल्या.

मुखपृष्ठाने मात्र दगा दिला. एका प्रदर्शनात मी स्वतः पाहिलं, आमचं पुस्तक भयकथांच्या रांगेत, कवटी आणि वटवाघळांच्या मध्ये. विक्रेत्याचा दोष नव्हता. चंद्र, काळा घोडा, ‘काळ्याकुट्ट रात्रीत’. त्याने दुसरं काय समजायचं? एका पालकाने तक्रार केली की मुलाला भुताचं पुस्तक म्हणून घेतलं आणि आत भूत निघालं नाही. दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदललं, पण ती यायला दोन वर्षं लागली आणि तोवर पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे ताईंच्या जिन्याखाली होते.

आज करायचं झालं तर

सगळ्यात आधी माझी समासातली नोंद. ‘सगळीकडे असंच’ हे दोन शब्द मी आता कुठल्याही प्रुफावर लिहीत नाही. पान आणि ओळ लिहितो, आणि बदल संगणकावर सरसकट होणार असेल तर शेजारी बसतो. ऑपरेटरला सगळ्यांनी नावं ठेवली, पण त्याने सांगितलं तेच केलं होतं.

शब्दांची यादी पहिल्या मसुद्याबरोबरच तयार हवी होती, सामान्यरूपासकट. ती काकांकडून करून घ्यायला हवी होती. पुस्तकातली सर्वांत जास्त भाषिक समज ज्यांच्याकडे होती, त्यांच्याकडे कागद सर्वांत शेवटी जायचे.

चित्रकाराला गोषवारा देणं ही चूक कुणाच्या लक्षातही आली नाही, कारण सगळीकडे तसंच चालतं. अख्खं प्रकरण वाचायला त्याला एक तास लागला असता.

मुखपृष्ठाबद्दल माझं आणि ताईंचं अजून पटत नाही. त्यांच्या मते त्या वेळी पैसे नव्हते आणि विषय संपला. माझ्या मते निदान मागच्या मजकुरावर चिकटपट्टी लावता आली असती. त्या म्हणतात, चिकटपट्टी लावलेलं पुस्तक कुणी घेत नाही. असेलही.

काका आता निवृत्त झालेत. अधूनमधून संध्याकाळी फोन करतात. मी उचलला की पहिला प्रश्न ठरलेला: “काय हो, आज नाइटला की नाइटाला?”